माझ्या पाळीची रोझरी

बोटीवरून, फेब्रुवारी १९७३

प्रिय आई,

आलोशियसचा तुला आणि डॅडींना प्रणाम. मी बरा आहे, एवढं आधी वाच आणि मग चष्मा पूस.

बोटीवर दोघांना कॉलरा झाला, म्हणून बंदरात उतरू देत नाहीत आणि खोलीबाहेरही पडू देत नाहीत. मला काही झालेलं नाही. पत्रांवर जंतुनाशक मारून पाठवतात, त्याचा वास येईल, घाबरू नकोस.

डॉक्टर रोज लाउडस्पीकरवरून सांगतात, मन रमवा. कशात रमवू? खोलीत एक खाट आणि एक बादली आहे. झोपूनच थकायला होतं.

म्हणून संध्याकाळी घरच्यासारखी रोझरी, मारियेची जपमाळ, धरतो. पहिल्या दिवशी सवयीने ‘नमो मारिये’ म्हणून थांबलो, पुढचं ‘पवित्र मारिये’ तुम्ही सगळे म्हणाल म्हणून. आता दोन्ही मीच म्हणतो, पण मध्ये थांबायचं काही सुटत नाही.

वाडीतल्या केळींना पाणी कोण सोडतं? आपल्या धाकट्या बहिणीचा, बेटीचा, खोकला गेला का?

आणि रोझरीत ‘नमो मारिये’ म्हणायची माझी पाळी आता कोण घेतं? कोणी घेऊ नका. माझी पाळी आली की जरा गप्प बसा, मी इथून म्हणतो. मग सगळ्यांनी मोठ्याने उत्तर द्या.

तुझा,
आलोशियस