पडद्यावरची दाढ

ती. भाईमामांस,

धनेशचा पुण्याहून वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामीचा खोकला कसो आसा? मी बरो आसंय, म्हणजे तोंड सोडून.

दातांच्या कॉलेजात झाडण्यापुसण्याच्या कामाला चार महिने टिकलो. (हॉटेल, बोट, पेट्रोलपंप सगळं सोडलेला मी, हे मामीला जरूर सांगा.) इथे पोरांना आता भिंगातून बघून दात कोरायला शिकवतात. चष्म्याला पुढे दोन नळकांडी, त्यातून दात वरवंट्याएवढा दिसतो. पुसता पुसता मी एकदा तो घातला. बादली पायाशी आली असं वाटून ओलांडायला गेलो, ती मुळात एक पाऊल पुढे. पाय थेट आत.

मंगळवारी शिकवण्यासाठी बोलावलेला पेशंट आलाच नाही. क्रिस्टीना मॅडम (आपल्या वेंगुर्ल्याच्या) म्हणाल्या, "धनेश, बस रे. फक्त तोंड उघडूचा." पोरांनी आधी नुसत्या डोळ्यांनी बघितलं: दाढ स्वच्छ. मग चष्म्यातून: कडेला काळी रेघ. मग मॅडमनी टीव्हीला जोडलेली मोठी दुर्बीण तोंडावर आणली. चाळीस पोरांसमोर माझी दाढ किल्ल्याच्या बुरुजाएवढी, आणि बुरुजाच्या फटीत एक चुरा, मी श्वास घेईन तसा हलतोय.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"तंबाखू, मॅडम. कालचीच."

बोलणारा त्या पोरांतलाच जितेंद्र. कसालच्या सारिकाचा सख्खा भाऊ. "पोरानं तंबाखू सोडली" असं तुम्ही देवळात नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालून सांगितलंत, आणि त्या शब्दावर तिच्या वडलांनी आमच्या लग्नाला होकार दिला. (तेव्हा "व्हय म्हाराजा" सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हटलं होतं.) मी काही सांगायला "आ, आ" केलं. मॅडमना वाटलं दुखतंय, त्यांनी सुई दिली. नंतर जितेंद्रला समजवायला गेलो, तर अर्धा ओठ बधिर, शब्दांऐवजी लाळच आली. तो रुमाल देऊन म्हणाला, "रविवारी घराक जातंय. बाबांक सांगतंय."

मामा, सारिका माका मनापासून आवडता. ही नोकरी तिच्यासाठीच धरून ठेवलीय.

तुमचा,
धनेश

ता.क. शनिवारच्या आत कसालला जाऊन या. काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. फोन केला नाही, कारण तुमचा फोन मामी उचलते. पत्र गुरुदास ड्रायव्हर तुमच्याच हातात देईल.

पुन्हा ता.क. तंबाखू मी खरंच सोडली होती. पण गेल्या आठवड्यात तुम्ही पाठवलेल्या कोकमाच्या सोलांच्या पिशवीत तळाशी तुमची तंबाखूची डबी निघाली. मामीपासून ती तिथे लपवता, हे तुम्ही पाठवताना विसरलात वाटतं. अर्धी शिल्लक आहे. होकार टिकला तर डबी गुरुदासच्या हाती तुम्हाला परत पाठवीन. मोडला तर पार्सल मामीच्या नावानं येईल.