नोंदवहीतली एकच बुडी

शनिवार, १६ मार्च, सकाळी साडेनऊ

प्रिय धाकट्या,

गुरुवारी, १४ मार्चला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर तू तुझ्या नोंदवहीतल्या पानाची प्रत डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलीस. ‘रविवार. बुडी एक. खोली अठरा मीटर. वेळ तीस मिनिटं.’ खाली तुझी वळणदार सही.

आधी खुशाली विचारायची असते, ठाऊक आहे मला. पण कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर सांगत, तक्रारीच्या पत्रात पहिल्यांदा वेळ लिही, मग राग. तेव्हा खुशाली आता विचारते. तू बरा आहेस ना? बायको बरी? माझा मुलगा बरा नाही.

तू आलास तेव्हा तो पलंगावर बसून हसत होता, म्हणून तुझा गैरसमज झाला असेल. उभा राहिला की त्याचा उजवा पाय फरफटतो. डाव्या पायाला गरम-थंड कळत नाही. काल मांडीवर चहा सांडला, तर मला विचारतो, “आई, हे ओलं कशानं झालं गं?” चालताना चप्पल मागे राहते आणि हा पुढे जातो. चौतीस वर्षांचा पाणबुड्या! बुधवारी लघवीची नळी काढली, तर आम्हा मायलेकांना आनंद झाला. असले आमचे आनंद.

बुडबुड्यांचं शास्त्र तू मला सोडावॉटरची बाटली घेऊन समजावू नकोस. ते डॉक्टरीणबाईंनी समजावलंय. जितकं खोल आणि जितका वेळ, तितका नायट्रोजन अंगात मुरतो. सावकाश वर आलं तर श्वासावाटे निघून जातो. घाई केली तर त्याचे बुडबुडे होऊन मज्जारज्जूत जाऊन बसतात. ते विरघळावेत म्हणून पाच दिवसांत पाच वेळा त्याला दाबाच्या लोखंडी खोलीत ऑक्सिजन लावून बसवलंय. मी बाहेरून गोल काचेतून बघते. तो आतून हात हलवतो. पाय नाही.

आता तुझ्या त्या पानाने काय केलं ते ऐक. डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, “एवढ्याशा बुडीने असं व्हायला नको. मग दोष शरीरातच असणार.” काल हृदय तपासलं. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बारीकसं भोक निघालं. असं भोक दर चार माणसांत एकाला असतं म्हणे, तुलाही असेल. एरवी त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. पण बुडी एकच आणि तीही साधी असल्यामुळे गुन्हेगार ते भोक ठरलंय. येत्या बुधवारी दुपारी बारा वाजता डॉक्टरांचं मंडळ बसतंय. भोक बुजवायला मांडीच्या शिरेतून हृदयात नळी घालायची आणि कागदावर ‘पाण्यात उतरण्यास कायमचा अपात्र’ लिहायचं, असं चाललंय. खऱ्या बुड्या समजल्या तर हृदयाला हात लावायचं कारणच उरत नाही. तुझी घाई झाकायला तू माझ्या मुलाचं काळीज सदोष ठरवलंस!

तीन बुड्या होत्या. तिसरीत तो जहाजाच्या पंख्यात अडकलेला दोर कापत होता, आणि कप्तानाला निघायची घाई म्हणून तू बोटीवरून त्याच्या डोक्यावरच्या टोपातल्या फोनवर ओरडलास, “वर ये, थांबत बसू नकोस.” वाटेत थांबायचं असतं तिथे तो थांबलाच नाही.

गुरुवारी बाहेर पडताना मी तुला विचारलं होतं, “किती बुड्या होत्या रे?”

“ताई, पाण्यातल्या गोष्टी तुला नाही कळायच्या.”

“तीनपर्यंत मोजता येतं मला.”

“पानावर लिहिलंय ना?” असं म्हणून तू डावा कान माझ्याकडे केलास. तो कान पाण्याने नेला, कबूल. पण नको ते विचारलं की नेमका तोच पुढे करायचा, हे पाण्याने शिकवलेलं नाही.

मुलाला विचारलं, तर म्हणतो, “मामाने लिहिलंय तेच बरोबर.” त्याचे वडील गेल्यावर तू त्याला हनुवटीखाली हात धरून पोहायला शिकवलंस. त्याच हाताला तो सांभाळतोय.

तू म्हणशील, तुला एवढं माहीत आहे तर तूच सांग डॉक्टरांना. सांगितलं असतं. पण त्या सतत कामात, आणि मी पडले ऐकीव माहितीवाली, आणि गुरुवारपासून माझा रक्तदाबही...

राहू दे. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. आवाज आडवळणाला लागला की मला कळतं. हा माझाच आवाज आहे.

रविवारी दुपारी दोन वीसला त्याचा फोन आला. “आई, आत्ताच तिसऱ्यांदा वर आलोय, तेही मामाच्या घाईत. पंख्यातला दोर कापत होतो, तर कप्तानाला निघायचंय म्हणून मामा ओरडला, ‘वर ये, थांबत बसू नकोस.’ उद्या दुपारपर्यंत विमानात बसायचं नाही, वर हवेचा दाब कमी असतो, अंगातले बुडबुडे फुगतात. उद्या रात्री पोचतो.” मी काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. “पाहुणे गेल्यावर येऊन भांडी घासणार आहेस का? आई सत्तर वर्षांची एकदाच होते. मामाला पाण्याची हौस आणि तुला कारणांची.” तो हसला. संध्याकाळच्या विमानात बसला. केक कापायच्या आधी त्याचे पाय गेले.

डॉक्टरांना त्याने सांगितलंय, “विमानाआधीचे तास मोजायला मीच चुकलो.” तुला झाकतोय तसा तो मलाही झाकतोय. पाच दिवस मी झाकून घेतलं.

आता नाही. माझं निवेदन त्या फोनसकट लिहून झालंय, दुपारी डॉक्टरीणबाईंच्या हातात देईन. तुझ्यासाठी थांबणार नाही. पण माझ्याकडे फक्त ‘तीन’ एवढा आकडा आहे. खोली किती, मिनिटं किती, कुठे थांबवलं नाहीस, हे तुझ्या मूळ वहीत आहे, आणि मंडळ त्यावरच ठरवणार.

फोन करू नकोस. फोनवर तू गोड बोलतोस आणि मी विरघळते. तिन्ही बुड्यांच्या मूळ नोंदी आणि एकच का दाखवलीस याचं सहीनिशी लेखी उत्तर मंगळवार, १९ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत डॉक्टरीणबाईंकडे पोचलं पाहिजे. पाच वाजून एक मिनिट नाही.

तुझी, आणि त्याला त्या विमानात बसवणारी,

ताई