आततायी

प्रिय स्वराज,

'प्रिय' लिहून बराच वेळ थांबले. दुसरं काही सुचेना, राहू दे.

मुंबईत आपल्या वाडीच्या मंडळाच्या सभेत तू माझ्याबद्दल काय बोललास ते सभेला गेलेल्या कुशाबांनी येऊन सांगितलं. रूपाली पहिल्यापासून आततायीच आहे, असं म्हणालास म्हणे. बिचारे मलाच विचारत होते, आततायी म्हणजे कशी गो? रोज पोलादपूरहून येऊन वाडीतल्या पोरांना अंगणवाडीत शब्द शिकवणारी मी, पण मलाही धड सांगता येईना. शेवटी पोलादपूरच्या वाचनालयात शब्दकोश उघडला. उतावळा, अविचारी हे होतंच. पण मूळ अर्थ म्हणे, जीव घ्यायला शस्त्र उपसून आलेला. वाचून हसूच आलं. वाडी खाली आणली त्या दिवशी माझ्या हातात तुझ्या आईच्या गोधड्यांचं बोचकं होतं.

मुंबईच्या मंडळाशिवाय आपल्या वाडीचं पान हलत नाही, हे मला का ठाऊक नाही? विहिरीवर पंप बसवायचा तरी तिकडून होकार यावा लागतो. म्हणूनच शिमग्याला आलास तेव्हा तुला डोंगरावर नेलं. वाडीच्या माथ्यावर पडलेल्या भेगेत तू कोपरापर्यंत हात घातलास आणि तुझा चेहरा उतरला. दरडीखाली गाडल्या गेलेल्या तळीयेचं नाव तूच काढलंस. पावसाच्या आत सगळ्यांना खाली शाळेत ने, मंडळाचं मी बघतो, हेही तूच म्हणालास. मी नेलं. मग न विचारता वाडी हलवलीच कशी म्हणून अध्यक्ष भडकले, आणि तू तो एक शब्द पुढे केलास. तुझं सेक्रेटरीपद राहिलं, माणसं मात्र मंडळाच्या सांगण्यावरून पुन्हा वर गेली. बाकी कुणी काहीही म्हणावं रे, तू म्हणायला नको होतंस. लहानपणापासून तुझ्यावर विसंबत आले, त्याचीच आता लाज वाटते.

परवापासून पाऊस धरून आहे. भेगेत आता माझा अख्खा हात जातो. मंडळाला फोन केला, तर पुढच्या सभेत विषय घेऊ म्हणाले.

कुशाबा आज मुंबईला निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देते आहे. सकाळी रंगूकाकी, तुझी आई, तेच बोचकं घेऊन पोलादपुरात माझ्या दारात उभी राहिली. मी आणायला गेले नव्हते. तुला फोन लावू का विचारलं, तर म्हणाली, "नको गो. तो परत वर जा म्हनंल, आनि मला त्याला नाय म्हनवत नाय." तेवढं तू म्हणू नकोस, एवढंच मागते.

तुझीच होते ती,
रूपाली