खादाडाच्या पोटात

१४ मार्च, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं

प्रिय ताई,

आत्ता मोरीत बसून नखांतला हिरवा रंग घासत होतो. जाईना, तेव्हा म्हटलं, हात पुसून आधी तुला लिहावं. फोन केला की तू "काय रे शंकासुरा, आता कशाची भीती?" असं विचारतेस आणि उत्तर ऐकायच्या आधीच हसतेस. पत्रात तरी मला मध्येच तोडता येणार नाही.

परसातल्या भोकाचं नाव बाबांनी 'खादाड' ठेवलं होतं, आठवतं? पावसात शेजाऱ्यांच्या दारात डबकी साचायची, आपलं अंगण मात्र कोरडं. बाबांनी चर खणून छपराचं, मोरीचं, सगळं पाणी त्याच्याकडे वळवलं होतं. पाहुण्यांना हौसेने दाखवायचे, "हव्या तेवढ्या बादल्या ओता, याची भूक भागत नाही!" आई म्हणायची, "घरात एक खाणारा आहे तो पुरे नाही का?" तू पालथी पडून त्यात माझ्या नावाने हाका मारायचीस, आणि आतून माझंच नाव परत आलं की मी रडत सुटायचो. आज ते आठवून एकटाच हसलो.

आठवीत शाळा सोडली तरी गुरुजींनी शिकवलेलं विसरलो नव्हतो: नदी करवतीसारखी वरून कापत गेली आणि आपली दरी झाली. मी सध्या ज्यांच्या हाताखाली काम करतो त्या भूगर्भाच्या बाई म्हणाल्या, ते खरं, पण इथे अर्धंच. आपला दगड चुनखडीचा. पाणी त्याच्या फटींत मुरतं, दगड थोडा थोडा विरघळवतं. फटींची भुयारं होतात, भुयारांच्या गुहा. मग नदीच कुठेतरी खाली उतरून आतून वाहू लागते. गुहेचं छत पातळ होत होत एक दिवस कोसळतं, मग त्याच्या पुढचं, मग त्याच्याही पुढचं. छतं पडून उघडी झालेली ती वाट म्हणजे आपली दरी. आपण जिच्यावरून पळत पलीकडे जायचो ती दगडी कमान म्हणजे पडायचं राहिलेलं छत. तळातले ते खोलीएवढे धोंडेही पुराने आणलेले नाहीत, वरून आलेत. हे कळल्यापासून मी कमानीवरून जात नाही, लांबून वळसा घालतो. हस खुशाल.

पाणी कुठे निघतं ते बघायला परवा तुला विचारूनच आम्ही खादाडात रंग ओतला. "कपडे रंगवून आलास तर मी धुणार नाही," असं तू बाईंसमोर बजावलंस. मला दरीच्या भिंतीतल्या झऱ्यापाशी बसवलं होतं. पाणी नुसतं फटींतून झिरपत आलं तर दिवसच्या दिवस लागतात, म्हणून मी जेवणाचा डबा नेला होता. डब्याचं झाकण निघायच्या आत झरा हिरवागार झाला. मला गंमत वाटली. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आत मोकळी वाट आहे."

आज सकाळी त्या वाटेने आम्ही आत गेलो. आधी सरपटत, मग वाकून, मग उभं राहता आलं. वर छतात उजेडाचा एक ठिपका होता आणि त्यातून पोराला दटावणारा तुझा आवाज आला, "गोट्या, साबण तोंडात घातलास का रे? थुंक आधी!" मग बादली उपडी झाली आणि साबणाचं पाणी माझ्या खांद्यावर आलं. ताई, मला इतकं बरं वाटलं, मी हाक मारणारच होतो. तेवढ्यात बाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला आणि विजेरी खाली वळवली. ठिपक्याच्या अलीकडे, बरोबर तुमच्या मागच्या खोलीखाली, दगडाच्या मोठमोठ्या चिपा पडल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, कडा धारदार, अंगावर धुळीचा कण नाही. त्या छतातून नुकत्याच निखळल्या होत्या. आम्ही पाय न वाजवता बाहेर आलो.

बाईंनी कचेरीत कळवलं आहे. नोटीस येईल तेव्हा येईल. मला तेवढा धीर नाही. भाऊजींना फोन केला, तर ते परगावाहून म्हणतात, "तुझ्या ताईला तूच सांग बाबा, माझं ती ऐकते होय?" बाबांचं घर सोडणार नाही, असंच तू म्हणशील. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही; आपलं अंगण कोरडं राहावं एवढंच त्यांना हवं होतं. पण गोट्या त्याच मागच्या खोलीत झोपतो. हे पत्र घेऊन आलेला रिक्षावाला तुला घेतल्याशिवाय हलणार नाही, तसं त्याला सांगितलं आहे. सामान राहू दे. पाण्याचा नळ बंद कर, पोराला उचल आणि पुढच्या दाराने बाहेर पड. माझ्या खोलीत गादी घालून ठेवली आहे. भांडायचं असेल तर इथे येऊन भांड, रात्रभर ऐकून घेईन.

तुझाच,
धाकटा