पूर्ण श्वासाचं रडणं

मॉर्फिनची सिरिंज भरून मी खाटेपाशी उभी होते, सर, आणि मुलगी किंचाळत होती. दुपारी फासळ्यांमधून आत जाऊन तिच्या हृदयाजवळची एक जास्तीची रक्तवाहिनी बांधली होती. शस्त्रक्रिया संपताना मी तिच्या कण्याशेजारी, जिथून फासळ्यांच्या नसा निघतात तिथं, बारीक नळी बसवली आणि त्यातून बधिरतेचं औषध चालू ठेवलं, ब्लॉक दिला. म्हणजे मॉर्फिनची गुंगी नको, मूल खोकेल, छाती कफानं भरणार नाही. आमच्या सर्जनना हे पसंत नव्हतं. म्हणाले, "एवढं एक करून बघा. नाही जमलं तर पुन्हा विचारू नका." आणि आता सिस्टर म्हणत होती, "ब्लॉक फेल, डॉक्टर. अय्यो, किती रडते! द्या की ते मॉर्फिन." आवडी गावाहून आलेली तिची आई काचेबाहेर पदर तोंडाशी धरून उभी.

तेव्हा एग्मोरच्या मुलांच्या इस्पितळातला तुमचा वॉर्ड आठवला. मी नुकतीच साताऱ्याहून आलेली, तमिळ येत नव्हतं. तुम्ही तंजावरच्या मराठीत बोलायचात, आम्हा पोरींना तमिळ वळणानं 'मा' म्हणायचात, आणि मी मनात हसायचे. छातीच्या शस्त्रक्रियेनंतर निपचित पडलेलं एक मूल मी अभिमानानं दाखवलं. "शांत आहे, सर." तुम्ही त्याच्या पोटावर नुसता हात ठेवलात. "शांत? श्वास चोरतंय ते, मा. रडायचीही हिंमत नाही त्याला. आणि तू शाबासकी मागतेस?" मग मला डोळे मिटून वॉर्डच्या दारात उभं केलंत. रडणारी पोरं ऐकायला. छाती दुखणारं मूल तुटक रडतं, हुंदका अर्ध्यात गिळतं. दुखत नसेल तर श्वास भरून भोकाड पसरतं. त्याला आई हवी असते, पाणी हवं असतं, आपण नको असतो. येणारे-जाणारे हसत होते. मी तुमच्यावर फार चिडले होते.

मी डोळे मिटले. "प्रार्थना नंतर करा," सिस्टर म्हणाली. मुलगी श्वास घेते, अगदी तळापर्यंत, आणि ओरडते, अम्मा. पुन्हा तळापर्यंत. मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि आईला आत बोलावलं. रडणं उतरलं. थांबलं नाही.

आता रात्री ड्यूटी रूममध्ये बसून हे लिहितेय. दोन ओळी झाल्या की उठते, दारापर्यंत जाते, ऐकते, परत येते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली. तुमचा कान खरा होता. माझा खरा आहे का, हे आता कुणाला विचारू? ती भरलेली सिरिंज मी टाकून दिलेली नाही, सर. अजून ट्रेमध्येच आहे. हा कागद घडी करून एप्रनच्या खिशात ठेवतेय, दुसरी जागा सुचत नाही.

कागद पुन्हा उघडलाय, सर. सकाळी सर्जननी तिला खोकायला सांगितलं. तिनं खोकून दाखवलं आणि त्यांच्याकडे बघून भोकाड पसरलं. ते थोडा वेळ ऐकत उभे राहिले. "उद्याच्या मुलालाही नळी बसवा," म्हणाले. मग मी सिस्टरला साक्षीला ठेवून सिरिंज सिंकमध्ये रिकामी केली.