माझ्या मापाची पिशवी

१२ ऑक्टोबर, रविवार
…पाणी भरलं, सासूबाईंना चहा दिला, सहा भाकरी थापल्या आणि मग ह्यांची झोपायची पिशवी दोरीवर वाळत घातली. त्या सकाळचं एवढंच आठवतं. रतनगडावरून आदल्या दिवशी आले होते. पिशवीला धुराचा वास. म्हणाले, ‘पुढच्या खेपेला तू चल.’ मी म्हटलं, ‘आत्यांना कोण बघणार?’ तेव्हा तर सासूबाई चालत्याफिरत्या होत्या!

पुढची खेप आली नाही. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली.

आज वाचनालयात सत्यशीलाताई म्हणाल्या, आठ जणी रतनगडावर चाललोय, आठ-नऊ नोव्हेंबरला. ‘स्लीपिंग बॅग मात्र आपापली हं.’ मी नाव दिलं. घरी बोलले नाही.

१४ ऑक्टोबर
माळ्यावरून ह्यांची पिशवी काढली. सासूबाईंनी खाटेवरून पाहिलं. ‘मेलेल्याचं अंथरून हाय ते! तवाच देऊन टाकायचं हुतं.’ मग सांगावंच लागलं.
‘गडावर? आन् मला कोन उठवायचं?’
खुबा मोडल्यापासून त्यांना मोरीपर्यंतही हात लागतो. माझाच.

१५ ऑक्टोबर
पहाटे गच्चीवर तासभर त्या पिशवीत पडून पाहिलं. पाय गारठले. ह्यांची पिशवी, आणि मला थंडी!

१८ ऑक्टोबर
सासूबाईंच्या गोळ्या आणायला नगरला गेले. ह्यांची पिशवी बरोबर घेतली होती. गिर्यारोहणाच्या सामानाच्या दुकानातल्या शाहबाजने ती काउंटरवर पसरली.
‘काकू, काका उंच होते ना?’
‘पावणेसहा फूट.’
‘तुम्ही पाच. पायाशी जागा रिकामी राहते. ती तुमच्याच अंगाने तापवायची. कशी तापणार?’
मी ह्यांची पिशवी गुंडाळून घेतली.

मग त्याने नव्या दाखवल्या. पिसांची हलकी, पण भिजली की कामातून गेली. गडावर मुक्काम गुहेत, तिथे ओल असते म्हणून कृत्रिम धाग्याची घेतली. किती थंडीत चालेल त्याचे लेबलवर दोन आकडे असतात. ‘मोठ्या अक्षरातला बघू नका, तो कसाबसा तग धरण्याचा. हा बारीक बघा. बाईला सुखाने झोप लागेल, तो.’

बाईच्या थंडीचा वेगळा आकडा! कुणीतरी मोजलाय. सत्तावीस वर्षं या घरात आहे, मला थंडी वाजते का असं ह्यांच्याशिवाय कुणी विचारलं नाही.

निळीला हात गेला होता. लाल घेतली.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
कानिफनाथ भावजी नेवाशाहून आले. गडाच्या वेळी आईला तीन दिवस घेऊन जातो म्हणाले. आपणहून!

२६ ऑक्टोबर
दुपारी आतल्या खोलीत पिशवीत शिरून पाहिलं. सासूबाई ओरडल्या, ‘मढं बांधत्यात तशी दिसतीया!’ चेन गळ्यापर्यंत ओढली आणि अडकली. वर नाही, खाली नाही. दोन्ही हात आत. तेवढ्यात त्यांना मोरीत जायचं झालं. ‘अगं ए! उठ की! मेलीस काय?’

खरं लिहिते. चेन थोड्या वेळाने सुटली. मी लगेच उठले नाही.

त्यांचं अंथरूण ओलं झालं. त्या रडल्या. मी धुतलं.

२ नोव्हेंबर
भावजींचा फोन. ‘वहिनी, रविवारी रेश्माच्या माहेरी कार्यक्रम निघालाय. आईचं नाही जमणार. पुढच्या वर्षी जा की! गड कुठं पळून चाललाय?’

३ नोव्हेंबर
सत्यशीलाताईंना ‘येत नाही’ म्हणून कळवलं. लाल पिशवी माळ्यावर, ह्यांच्या पिशवीशेजारी.

६ नोव्हेंबर
सासूबाईंची वेणी घालत होते.
‘कानिफा न्हाई म्हनला ना?’
‘हो.’
‘मला न्हाई म्हनला त्यो. तुला न्हाई.’ मग एकदम, ‘नेऊन बसव मला त्याच्या दारात. बघू, मला बघून कसा न्हाई म्हनतो.’
‘आत्या, असं कसं?’
‘तू लई इचार करतीस. टेम्पो सांग.’

७ नोव्हेंबर, संगमनेर स्टँड
सकाळी टेम्पो सांगितला, सत्यशीलाताईंना ‘येतेय’ म्हणून कळवलं. सासूबाईंना खाटेसकट वर चढवलं. म्हणाल्या, ‘त्याची पिशवी टाक माझ्या पायावर. वारं लागंल.’ ह्यांची पिशवी टाकली. नेवाशाला भावजींच्या ओट्यावर खाट उतरवली, गोळ्या रेश्माच्या हातात दिल्या आणि लाल पिशवी पाठीला लावून निघाले.