हार तेवढा काढा

१० जून, चोपडा
काल आबांचा दहावा झाला. धुळ्याला शाळेत फोन करून रजा वाढवून घेतली.

दुपारी आबांच्या फोनवर केळीच्या कंपनीचा मेसेज — 'तोतारामजी, आपल्या बागेची कापणी शुक्रवारी. चेहरा दाखवून खात्री करा.' फोन करून सांगितलं, वडील वारले. पलीकडची मुलगी म्हणाली, 'ओके सर. तोतारामजी कधी उपलब्ध होतील?'

११ जून
जळगावला कंपनीत गेलो. मॅनेजरचं नाव तरुण जैन. वाईट झालं म्हणाले आणि लगेच स्क्रीन माझ्याकडे वळवली. कुठल्या बागेत माल कधी तयार, कुठली गाडी कुठे — सगळं दिसतं. 'पूर्वी गाड्या रिकाम्या उभ्या राहायच्या. आता एक नाही. दिल्लीची ऑर्डर चुकत नाही. कंपनीला आणखी काय हवं?'

म्हटलं, आमचं काय?

'वारस नोंद करा. दीड-दोन महिने लागतील.'

दोन-चार दिवसांत माल झाडावरच पिकून वाया जाईल. करार कंपनीशी, म्हणून दुसरा व्यापारी हात लावत नाही. त्यांनाही हे माहीत. मग जैन हळूच म्हणाले — 'वडिलांचा फोटो मोबाइलसमोर धरून बघा ना. हार तेवढा काढा.'

चहा तसाच ठेवून उठलो.

१२ जून
फोटो धरला. हार मीच काढला.

मोबाइल म्हणाला, 'कृपया डोळे मिचकवा.'

चुलतभाऊ सुकदेव म्हणाला, 'आबा जित्ता व्हता तवय बी कोनं आयके नही.' आईसुद्धा हसली. मग पदर तोंडाला लावून बसून राहिली.

१३ जून
सकाळीच गाडी बांधावर. गाडीवाला म्हणे, मोबाइलवर हिरवी खूण आल्याशिवाय घड कापायचा नाही.

आई आबांचा चष्मा घेऊन आली. आबांना टक्कल, मिशी नाही. माझे केस आणि मिशी दहाव्याला काढलेली. 'हाऊ चष्मा लाव. तुना चेहरा बापनाच शे.'

चष्म्यातून काही नीट दिसेना. डोळे मिचकवले.

'तोताराम, आपले स्वागत आहे.'

बठ्ठा माल गेला, एक घड उरला नाही. सगळे खूश. मी मोरीत जाऊन चेहरा खसाखसा धुतला.

१४ जून
तरुण जैनांचा फोन. 'झालं ना काम? आता नोंदीची घाई कशाला. चालू द्या असंच.' फोन ठेवला.

१६ जून
सकाळी आईने स्वयंपाकघरातून हाक मारली — 'अहो.'

घरात दुसरं कोणी नव्हतं. मी ओ दिली.